नगरसेवकाविरुद्ध तक्रार: आधी टेबल ठरवा, मग अर्ज लिहा

राज्यातल्या २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्याआधी डिसेंबरमध्ये नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. म्हणजे जवळपास चार वर्षे तिथे प्रशासकच कारभार पाहत होते, आणि इतर अनेक शहरांतही तेच चित्र होते. आता सभागृहे भरली आहेत, प्रभागांत संपर्क कार्यालये उघडली आहेत, आणि वॉर्ड ऑफिसच्या जिन्यात तो जुना प्रश्नही पुन्हा ऐकू येतो: "याची तक्रार करायची तरी कुणाकडे?"

प्रश्न रास्त आहे. नगरसेवकाच्या वागणुकीची तक्रार ऐकणारी एकच एक खिडकी आपल्या कायद्यात नाही. आयुक्त हे नगरसेवकाचे वरिष्ठ नाहीत, महापौरही नाहीत. तो लोकांनी निवडलेला असतो, त्यामुळे त्याला कारणे दाखवा नोटीस काढून निलंबित करणारा साहेब कुठेच बसलेला नसतो. म्हणून लोक एकच अर्ज मुख्यमंत्री, पालकमंत्री, आयुक्त, पोलीस आयुक्त, जिल्हाधिकारी अशा सगळ्यांना पाठवतात आणि खाली लांबलचक 'प्रत माहितीसाठी' लिहितात. असा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात 'उचित कार्यवाहीसाठी' जात राहतो आणि शेवटी दप्तरी दाखल होतो. मी पाहिलेल्या बहुतेक फसलेल्या तक्रारींत लोकांचे म्हणणे खरेच होते. फक्त तो कागद अधिकार नसलेल्या टेबलावर गेला होता.

पायरी १: नक्की काय झाले, ते एका वाक्यात लिहा

राग बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर एकच वाक्य लिहा: कोणी, कधी, कुठे, काय केले. "आमचा नगरसेवक भ्रष्ट आहे" या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. "अमुक तारखेला सर्व्हे नंबर अमुकमधल्या बांधकामावर कारवाईसाठी आलेल्या पथकाला नगरसेवकाने जेसीबीपुढे उभे राहून परत पाठवले" यावर करता येते.

हे वाक्य हातात आले की ते कोणत्या प्रकारात बसते ते पाहा. कारण पुढचा सगळा रस्ता त्यावरून ठरतो.

फोन उचलत नाही, प्रभागात फिरकत नाही, आमच्याच गल्लीचा रस्ता करत नाही: याला कायद्यात शिक्षा नाही. तुमची अडचण पाणी, ड्रेनेज किंवा दिव्यांची असेल तर ते काम प्रशासनाचे आहे. ती तक्रार सहायक आयुक्तांकडे, महापालिकेच्या पोर्टलवर किंवा लोकशाही दिनात न्या. महापालिका आणि जिल्हा पातळीवर लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, आणि अर्ज आधी १५ दिवस विहित नमुन्यात द्यावा लागतो. नगरसेवकाच्या निष्क्रियतेवर पाने भरण्यापेक्षा काम होणे महत्त्वाचे. मात्र तो सभांनाही जात नसेल तर हजेरी जरूर तपासा. सलग गैरहजेरीवर पद जाण्याची तरतूद कायद्यात आहे.

धमकी, मारहाण, शिवीगाळ, महिलेशी गैरवर्तन, जातिवाचक अपमान: हे पोलिसांचे काम. नगरसेवक असल्याने इथे त्याला कोणतेही वेगळे कवच नाही.

पैसे मागितले: लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे, कारण त्यात घाई केली तर तुम्हीच अडकू शकता.

पदाचा गैरवापर किंवा अपात्रता ओढवणारे कृत्य: खरी गुंतागुंत इथे आहे आणि नागरिकांच्या हातातले सर्वात मोठे हत्यारही इथेच आहे.

आणि एक प्रकार प्रत्येक शहरात दिसतो: निवडून आली पत्नी, पण वॉर्ड ऑफिसात खुर्चीत बसतो पती. तो अधिकाऱ्यांना सूचना देतो, ठेकेदारांना फोन करतो, नागरिकांवर आवाज चढवतो. लक्षात ठेवा, तो कायद्याने कोणीही नाही. त्याने धमकावले तर त्याच्यावर साध्या नागरिकासारखा गुन्हा दाखल होतो. त्याला बैठकीत बसू दिले, त्याच्या तोंडी सूचनेवर काम केले, तर ती त्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार आहे आणि ती आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे जाते. नगरसेविकेला दोष देण्याआधी हा फरक करा. कित्येकदा त्या बाईंनाच घरातून काम करू दिले जात नाही.

पायरी २: तुमची संस्था कोणती, त्यावरून टेबल ठरवा

शहराप्रमाणे कायदा बदलतो. मुंबईला १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. पुणे, नाशिक, ठाणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर अशा बाकीच्या महापालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम. ग्रामपंचायतींना १९५८ चा. अर्जात चुकीच्या कायद्याचे कलम टाकले, तर पहिल्याच सुनावणीत समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

नगरपरिषद किंवा नगरपंचायत असेल, तर नागरिकाची बाजू सर्वात भक्कम आहे. १९६५ च्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये नगरसेवक पदावर असताना कोणत्या कारणांनी अपात्र ठरतो ते दिले आहे आणि त्यावर निर्णय जिल्हाधिकारी देतात. महत्त्वाचे असे की, कोणतीही व्यक्ती त्यांच्याकडे अर्ज करू शकते. जिल्हाधिकारी स्वतःहूनही दखल घेऊ शकतात. त्यांच्या निर्णयावर राज्य सरकारकडे अपील होते. कर्तव्यात गैरवर्तन किंवा लांछनास्पद वर्तन केल्याबद्दल नगरसेवकाला पदावरून दूर करण्याचा अधिकार कलम ४२ नुसार राज्य सरकारला आहे, आणि नगराध्यक्षांसाठी कलम ५५ अ आहे. म्हणजे अपात्रतेसाठी जिल्हाधिकारी, गैरवर्तनासाठी नगरविकास विभाग. ही दोन टेबले वेगळी आहेत. एकाच अर्जात दोन्ही मागण्या मिसळू नका.

महापालिकेत वाट अरुंद आहे. १९४९ च्या कायद्याचे कलम १० अपात्रतेची कारणे सांगते. पण नगरसेवकाचे पद गेले की नाही असा वाद उद्भवला, तर कलम १२ नुसार तो न्यायाधीशांकडे नेण्याचा अधिकार त्या किंवा दुसऱ्या नगरसेवकाला आहे. महापालिकेने विनंती केली तर आयुक्तांनी तो न्यावा लागतो. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे जातात. नागरिकाचे नाव या यादीत नाही, आणि मला ही कायद्यातली मोठी उणीव वाटते. ज्याच्या मतावर नगरसेवक निवडून आला त्यालाच दार बंद, हे बरोबर नाही.

मग करायचे काय? तीन गोष्टी. सगळे पुरावे जोडून आयुक्तांकडे लेखी अर्ज करा. त्याच कागदपत्रांची प्रत घेऊन सभागृहातल्या एखाद्या नगरसेवकाला भेटा. तो विरोधी पक्षाचा असेल आणि त्याचा स्वतःचा हिशेब असेल, तरी हरकत नाही. कायद्याने दिलेला अधिकार त्याच्याकडे आहे आणि पुरावे तुमच्याकडे. आणि आयुक्तांनी महिनोन्महिने काहीच केले नाही तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो. गैरवर्तनाच्या कारणाने पदावरून दूर करण्याची मागणी मात्र इथेही राज्य सरकारकडे, म्हणजे मंत्रालयातल्या नगरविकास विभागाकडे करायची असते. तिथून साधारणपणे आयुक्तांचा अहवाल मागवला जातो. म्हणून आयुक्तांकडे दिलेल्या अर्जाची पोच त्या अर्जालाही जोडा.

ग्रामपंचायत सदस्य किंवा सरपंच असेल तर अपात्रतेचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. सरकारी जागेवर अतिक्रमण हे तिथले नेहमीचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कुटुंबीयांनी केलेल्या आणि सदस्य लाभ घेत असलेल्या अतिक्रमणाचीही गंभीर दखल घेतली होती. गैरवर्तनासाठी कलम ३९ आहे; त्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा असतो.

पायरी ३: कोणत्या कारणावर पद खरोखर जाऊ शकते?

शहरांत सर्वात जास्त उपयोगी पडणारे कारण म्हणजे बेकायदा बांधकाम. नगरसेवकाने स्वतः, जोडीदाराने किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्याने बेकायदा बांधकाम केले. किंवा नगरसेवक म्हणून त्याने अशा बांधकामाला मदत केली. किंवा ते पाडायला आलेल्या अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन वा प्रत्यक्ष आडवे येऊन अडवले, अथवा तसा प्रयत्न केला, तर तो उरलेल्या मुदतीसाठी अपात्र ठरतो. 'लेखी पत्र' हे शब्द नीट वाचा. 'सदर बांधकामावर कारवाई थांबवावी' अशी नगरसेवकाच्या लेटरहेडवरची चिठ्ठी फाईलला लागलेली असेल तर ती तुमचा सर्वात मोठा पुरावा आहे, आणि ती त्याने स्वतःच दिलेली आहे.

दुसरे कारण ठेकेदारी. महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या ठेक्यात नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल तर तो अपात्र ठरतो. आपला हितसंबंध असलेल्या विषयावर सभागृहात चर्चा किंवा मतदान केले, तरी पद धोक्यात येते. हे सिद्ध करणे अवघड आहे, कारण ठेका बहुधा मेहुण्याच्या किंवा कार्यकर्त्याच्या नावावर असतो. फक्त नाते पुरेसे नाही. पैशाचा किंवा भागीदारीचा धागा दाखवावा लागतो.

थकबाकीची मागणी करणारी विशेष नोटीस मिळूनही मुदतीत न भरलेली रक्कम, १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेले तिसरे अपत्य, राखीव जागेवर लढताना दिलेले खोटे जात प्रमाणपत्र ही आणखी काही कारणे. जात प्रमाणपत्राची तक्रार जात पडताळणी समितीकडे जाते. ही समिती प्रमाणपत्र अवैध ठरवत नाही तोवर इतर कोणीही पुढे सरकत नाही, पण एकदा अवैध ठरले की पद टिकत नाही.

निवडणुकीतल्या गैरप्रकारांचा मुद्दा इथे येत नाही. त्याची याचिका निकालानंतर दहा दिवसांत न्यायालयात करायची असते. ती मुदत गेल्यावर त्या तक्रारीत वेळ घालवू नका. पक्ष बदलल्याचा रागही इथे चालत नाही. पक्षांतरासाठी वेगळा कायदा आहे.

पायरी ४: पुरावे जमवा, आणि ते त्यांच्याच कपाटातून काढा

ऐकीव माहिती कितीही खरी असली तरी सुनावणीत टिकते ती फाईल. आणि फाईल मिळते माहिती अधिकारात.

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. म्हणून विषयवार वेगळे अर्ज करा. उत्तरासाठी ३० दिवस. नाही मिळाले किंवा अपुरे मिळाले तर ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. 'का' असे विचारू नका. माहिती अधिकारात कारणे मिळत नाहीत, कागद मिळतात. त्यामुळे कागदाचे नाव घेऊनच मागा:

- अमुक मिळकतीवर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ नुसार दिलेल्या नोटिशीची प्रत, पंचनामा आणि स्थळपाहणी अहवाल
- त्या फाईलमध्ये प्राप्त झालेली लोकप्रतिनिधींची सर्व पत्रे आणि त्यावरचे शेरे
- कारवाईच्या दिवसाचा पथकाचा अहवाल आणि पोलीस बंदोबस्ताचा पत्रव्यवहार
- अमुक कामाची निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती आणि देयके
- अमुक कालावधीतल्या सर्वसाधारण सभांची हजेरी आणि इतिवृत्ते

झेरॉक्स मागण्याआधी फाईल पाहण्याची परवानगी मागा. फाईलीत काय आहे ते स्वतः बघितल्यावर नेमकी पाने मागता येतात, आणि दोन रुपये पानाप्रमाणे शेकडो पानांचा खर्च वाचतो. फाईल चाळताना टिपणीच्या बाजूला, म्हणजे हिरव्या कागदावरच्या शेऱ्यांकडे, विशेष लक्ष द्या. पत्रव्यवहारात न सापडणारी गोष्ट तिथे सापडते: 'मा. नगरसेवक यांच्याशी चर्चेनुसार कारवाई पुढे ढकलण्यात येत आहे' असा एखादा शेरा.

उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्रही मिळवा. त्यात मालमत्ता, गुन्हे आणि कुटुंबाचा तपशील असतो. तिथे दाखवलेली मालमत्ता आणि महापालिकेच्या मिळकतकर नोंदीतली मालमत्ता शेजारी ठेवून बघा.

तुमच्याकडचे फोटो, व्हिडिओ, कॉल रेकॉर्डिंग यांची मूळ फाईल त्याच फोनमध्ये जपून ठेवा. कापू नका, एडिट करू नका, फोन बदलला तरी जुना विकू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा झाला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, आणि व्हॉट्सअॅपवर फिरून आलेल्या क्लिपसाठी ते कोणी देऊ शकत नाही.

साक्षीदारांची तयारी आधी पाहा. "मी सांगेन ना" असे म्हणणारे शेजारी जबाब द्यायची वेळ आली की गावाला गेलेले असतात. त्यांना दोष देऊ नका, भीती खरी असते. पण ज्यांच्या शब्दावर तक्रार उभी आहे, त्यांचे म्हणणे घटनेच्या आठवड्यातच लिहून, वाचून दाखवून, सही घेऊन ठेवा.

पायरी ५: अर्ज लिहा

दोन पानांच्या वर जाऊ नका. घटना तारखेच्या क्रमाने, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, प्रत्येक दाव्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. विशेषणे काढून टाका. 'गुंड', 'लुटारू', 'हुकूमशहा' असे शब्द दिसले की वाचणारा अधिकारी तुमचे वैर मोजू लागतो आणि पुराव्याकडे दुर्लक्ष होते. मुंबई वगळता बहुतेक महापालिकांत एका प्रभागात चार नगरसेवक असतात, म्हणून 'आमच्या प्रभागाचे नगरसेवक' असे न लिहिता पूर्ण नाव, प्रभाग क्रमांक आणि जागा (अ, ब, क, ड) लिहा.

नगरपरिषदेसाठी अर्जाचा सांगाडा असा ठेवता येईल:

"प्रति, मा. जिल्हाधिकारी, जिल्हा ____.
विषय: ____ नगरपरिषदेच्या प्रभाग क्र. __ (जागा __) चे नगरसेवक श्री./श्रीमती ____ यांना महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ४४ नुसार अपात्र घोषित करण्याबाबत.
महोदय/महोदया,
१. मी वरील प्रभागाचा रहिवासी व मतदार आहे (जोडपत्र १).
२. सि. स. नं. ____ येथील बांधकामास नगरपरिषदेने दि. ____ रोजी नोटीस देऊन ते अनधिकृत ठरवले आहे (जोडपत्र २).
३. दि. ____ रोजी निष्कासनासाठी आलेल्या पथकास सदर नगरसेवकांनी प्रतिबंध केला. पथकाच्या त्याच दिवशीच्या अहवालात तशी नोंद आहे (जोडपत्र ३).
४. तत्पूर्वी दि. ____ रोजी सदर नगरसेवकांनी स्वतःच्या लेटरहेडवर कारवाई थांबवण्याची विनंती केली होती (जोडपत्र ४).
५. सबब, संबंधितांस नोटीस देऊन, सुनावणी घेऊन, पद रिक्त झाल्याचे घोषित करावे, ही विनंती. सुनावणीच्या तारखेची सूचना मलाही मिळावी."

शेवटी सत्यापन, दिनांक, सही, पत्ता, मोबाईल. शपथपत्र जोडलेले बरे. निनावी अर्ज करू नका. अशा प्रकरणात निनावी कागदाला कोणी हात लावत नाही.

पायरी ६: द्या, पोच घ्या, मागे लागा

अर्ज आवक-जावक कक्षात द्या. स्वतःच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. साहेबांच्या हातात दिलेला अर्ज हा कोणाचाच अर्ज नसतो. शिक्का देत नसतील तर टपालाने पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये मिसळले आहे, म्हणून स्पीड पोस्ट करताना पोचपावतीची सोय मागून घ्या.

महिनाभराने स्मरणपत्र द्या, आवक क्रमांक टाकून. त्यानंतरही शांतता असेल तर माहिती अधिकारात तुमच्याच अर्जाचा प्रवास विचारा: तो कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेला, त्यावर काय शेरा आहे, सध्या कोणाकडे प्रलंबित आहे. त्या टेबलावरच्या माणसाचे नाव कागदावर आले की फाईल हलते. अधिकारी जाणूनबुजून दडपतो आहे असे दिसत असेल तर त्या अधिकाऱ्याविरुद्ध लोकायुक्तांकडे जाता येते.

पायरी ७: सुनावणीत काय होते

नगरसेवकाला नोटीस जाते, तो वकील करतो, म्हणणे मांडायला मुदत मागतो, तारखा पडतात. यात महिने जातात आणि याची तयारी ठेवूनच उतरायचे.

इथे एक निकाल माहीत असावा. उरण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षांना गैरवर्तनावरून अपात्र ठरवणारा राज्य सरकारचा आदेश २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. लोकांनी निवडलेल्या माणसाला काढायचे तर आरोप ठोस हवा, त्याला म्हणणे मांडायची पूर्ण संधी हवी आणि आदेशात कारणे हवीत, असा त्याचा रोख होता. तक्रारदार हा त्या चौकशीत प्रतिपक्ष म्हणून लढू शकत नाही, हेही न्यायालयाने म्हटले. हा निकाल नगरसेवकाचा वकील तुमच्यापुढे ठेवणारच. म्हणून नगरसेवकाला संधी मिळावी असा आग्रह तुम्हीच धरा. घाईत, एका तारखेत मिळालेला आदेश अपिलात पडतो आणि मग तोच माणूस प्रभागात हार घालून मिरवणूक काढतो.

निकाल बाजूने लागला तर त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा आणि उच्च न्यायालयात कॅव्हेट टाका, म्हणजे तुमचे ऐकल्याशिवाय एकतर्फी स्थगिती मिळणे अवघड होते. कॅव्हेट ९० दिवस चालते. पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांना यासाठी मुंबई गाठावी लागत असे. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाल्याने कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या तक्रारदारांचा हा हेलपाटा वाचला आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाईन १५१०० आहे.

पैसे मागितले असतील तर

बांधकामाचे, नळजोडाचे, हातगाडीचे किंवा ठेक्याचे पैसे नगरसेवकाने मागितले, तर आधी हुज्जत घालू नका आणि 'बघू' म्हणून निघा. नगरसेवक भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवक आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे, पण शक्य तर प्रत्यक्ष कार्यालयात जा.

तिथे आधी पडताळणी होते: पंचांसमक्ष रेकॉर्डर देऊन तुम्हाला पुन्हा बोलायला पाठवतात, कारण मागणी सिद्ध होणे हा या गुन्ह्याचा कणा आहे. नुसते पैसे सापडून भागत नाही. त्या बोलण्यात तुम्ही पैसे देऊ करू नका. किती, कशासाठी, हे त्याच्या तोंडून येऊ द्या. मग पावडर लावलेल्या नोटांनिशी सापळा लागतो. पैसे बहुधा नगरसेवक स्वतः घेत नाही, कार्यकर्ता किंवा चालक घेतो, म्हणून पडताळणीतले संभाषण थेट नगरसेवकाशी होणे फार महत्त्वाचे.

आणि आधीच पैसे देऊन बसला असाल तर एक मुदत पाळा. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र जबरदस्तीने द्यावी लागली आणि ७ दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर कायदा तुम्हाला संरक्षण देतो. आठव्या दिवसापर्यंत विचार करत बसू नका.

धमकी आली, किंवा येईल अशी भीती असेल तर

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कोणाचीही असो. स्थानिक ठाण्यावर दबाव असेल तर शेजारच्या ठाण्यात जा. नोंद घेत नसतील तर लेखी खबर पोलीस अधीक्षकांकडे किंवा पोलीस आयुक्तालयात पाठवा, आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अदखलपात्र नोंद करून पाठवले तरी त्या एनसीची प्रत घ्या. पुढे काही घडले तर हा माणूस आधीपासून धमकावत होता हे तीच सांगते.

एकट्याने सही करू नका. सोसायटी, चाळ समिती, महिला मंडळ, व्यापारी संघटना यांतल्या चार-पाच जणांनी मिळून सह्या केल्या की दबाव वाटला जातो. घरी आलेल्या 'मध्यस्थां'शी दारातच बोला आणि भेटीची तारीख-वेळ वहीत लिहा.

बदनामीच्या खटल्याची धमकी हमखास येते. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधल्या अपवादांत संरक्षण आहे. तेच आरोप फेसबुकवर फोटोसह टाकले, प्रभागाच्या ग्रुपवर फिरवले, तर या अपवादाचा आधार बहुधा मिळत नाही. निकाल लागेपर्यंत अर्जाची प्रत सोशल मीडियावर टाकू नका, कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर तर मुळीच नको. पत्रकाराला सांगायचे असेल तर आरोप न सांगता कागद दाखवा: नोटीस, पथकाचा अहवाल, आवक क्रमांक. बातमी त्यावर उभी राहील आणि तुमच्या तोंडी एकही विशेषण येणार नाही.